माहिती चौकट : किनाऱ्यावर आलेला देवमासा

देवमाशाला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये संरक्षण आहे. तरी जून २०१५ मध्ये रेवदंड्याला लागलेला निळा देवमासा वाचला नाही; नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला लागलेले देवमाशाचे पिल्लू समुद्रात सोडूनही दगावले. पाण्याबाहेर स्वतःच्याच वजनाखाली फुप्फुसे दबतात, म्हणून नुसते खोल पाण्यात ओढून नेणे पुरत नाही. दुर्गंधीमुळे मृत देवमासा लगेच पुरण्याचा आग्रह रास्तच. पण आधी शवविच्छेदन हवे. जहाजाची धडक, जाळे, प्लास्टिक की आजार, याचा पुरावा त्या शरीरातच असतो. अरबी समुद्रातले हंपबॅक जातीचे देवमासे इतर हंपबॅकांसारखे ध्रुवाकडे स्थलांतर करत नाहीत, इथेच राहतात; आणि हा समुद्र तापतो आहे. त्यांची संख्या इतकी थोडी, की प्रत्येक मृत्यूचे कारण नोंदले जाणे गरजेचे आहे.