व्हिसा संपला, म्हणजे मुक्काम संपला का?

गडचिरोली-चंद्रपूरहून अमेरिकेत पीएच.डी.साठी गेलेल्यांनी दोन मुदती वेगळ्या ओळखाव्यात. पासपोर्टवरचा एफ-१ व्हिसा हा देशात शिरण्याचा परवाना. राहण्याचा हक्क विद्यापीठाने दिलेले आय-२० प्रमाणपत्र आणि नियमित शिक्षण यांवर टिकतो. भारतीयांना हा व्हिसा सहसा पाच वर्षांपर्यंत मिळतो, संशोधन मात्र लांबते. व्हिसाची मुदत उलटली तरी अभ्यास चालू ठेवता येतो. पण बाहेर पडल्यास परतीसाठी साधारणतः नवा व्हिसा लागतो. म्हणून नूतनीकरण गावभेटीलाच जोडावे, आणि भेटीची तारीख लग्नाच्या मुहूर्तावर नव्हे, मुलाखतीच्या तारखेवर ठरवावी. भामरागड-सिरोंच्याकडच्या विद्यार्थ्याला मुलाखतीच्या शहरापर्यंत लांबचा प्रवास करावा लागतो. शिवाय बोटांचे ठसे आणि मुलाखत यांच्या वेळा वेगळ्या. व्हिसा-अर्जाचे १८५ डॉलरचे शुल्क परत मिळत नाही.

'अमेरिकेतच नूतनीकरण का नको?' विद्यार्थ्यांना तशी सोय नाही. 'मग तिसऱ्या देशात?' सप्टेंबर २०२५पासून अर्ज स्वदेशात किंवा वास्तव्याच्या देशातच करावा, असा दंडक आहे. कॅनडा-मेक्सिकोत ३० दिवसांपर्यंत जाऊन जुन्या व्हिसावर परतण्याची सवलत आहे, पण तिथे नव्या व्हिसासाठी अर्ज केला की ती हातची जाते. निघण्यापूर्वी आय-२०च्या दुसऱ्या पानावरची विद्यापीठाची प्रवास-स्वाक्षरी तपासावी. शिकत असताना ती वर्षभरच चालते. पासपोर्ट बदलला असल्यास वैध व्हिसाचा जुना पासपोर्टही सोबत हवा.