डोमेन नामशोधनातील दोष
राउटर, कॅमेरा यांसारख्या उपकरणांतील लहान संगणकाची स्मृती तोकडी असल्याने त्यात लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीऐवजी यूसीलिबसीसारखी आटोपशीर लायब्ररी योजतात. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकीय पत्ता डोमेन सर्व्हरकडून विचारून घेणे, हे तिचे एक कार्य होय. प्रत्येक पृच्छेस १६ बिटांचा क्रमांक जोडलेला असून उत्तरातही तोच असावा लागतो. तो यादृच्छिक असेल, तर ६५,५३६ शक्यतांतून ओळखणे भाग पडते. यूसीलिबसीत मात्र तो तिकिटांवरील अनुक्रमांकाप्रमाणे दर वेळी एकाने वाढे. पृच्छा कोणत्या पोर्टवरून निघाली हेही कळले, की खऱ्या उत्तराआधी बनावट उत्तर पोचवून उपकरणास भलत्याच पत्त्याकडे वळविणे शक्य होई.

डोमेन सर्व्हरांच्या बाबतीत असा धोका डॅन कामिन्स्की यांनी २००८ मध्येच दाखविला होता; तरीही यूसीलिबसीतील हा दोष उघड झाला तो मे २०२२ मध्ये. मूळ लायब्ररीची नवी आवृत्ती २०१२ नंतर निघालेली नव्हती. तिच्यापासून निघालेल्या यूसीलिबसी-एनजीच्या १.०.४० पर्यंतच्या आवृत्त्याही सदोष होत्या. क्रमांक यादृच्छिक करणे, हा उपाय तसा सोपा आहे. परंतु उपकरणातील फर्मवेअर बदलल्याखेरीज त्याचा उपयोग नाही, आणि जुन्या उपकरणांसाठी उत्पादक बहुधा नवे फर्मवेअर काढीत नाहीत.