वार्धक्यातील दीर्घ पल्ल्याच्या धावशर्यती

साठीच्या पुढील, विशेषतः ऐंशी-नव्वदीच्या घरातील स्पर्धकांनी लांब अंतराच्या धावशर्यतींत घेतलेला भाग. प्रौढांच्या मैदानी स्पर्धांची ही एक शाखा होय. अशा स्पर्धांचा पहिला जागतिक मेळावा टोरँटो (कॅनडा) येथे १९७५ मध्ये भरला आणि १९७७ मध्ये गोथेनबर्ग (स्वीडन) येथे त्यांची जागतिक संघटना स्थापन झाली. पस्तिशीपासून पुढे पाच-पाच वर्षांचे गट पाडलेले असल्याने सत्तरीच्या धावपटूची गाठ तिशीच्या तरुणाशी पडत नाही.

वयोमानाने शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता घटते. बैठे जीवन जगणाऱ्यांत ही घट तिशीनंतर दर दशकास सु. १० टक्के असते. नियमित व जोमाचा सराव टिकविणाऱ्यांत ती बरीच कमी आढळते. हृदयाच्या ठोक्यांची कमाल गतीही उतरते. स्नायूंतील जलद आकुंचन पावणारे तंतू आधी क्षीण होतात, मंद तंतू त्या मानाने टिकून राहतात. म्हणूनच वृद्ध धावपटूचा वेग ओसरला, तरी दम पुष्कळ काळ शाबूत राहतो. सत्तरीनंतर मात्र उतार अधिक तीव्र होतो.

या बाबतीत कॅनडाचे एड व्हिटलॉक (१९३१–२०१७) यांचे उदाहरण बोलके आहे. ४२.१९५ कि.मी.ची मॅराथॉन शर्यत त्यांनी ७३ व्या वर्षी २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांत, ऐंशीव्या वर्षी ३ तास १५ मिनिटे ५४ सेकंदांत व ८५ व्या वर्षी ३ तास ५६ मिनिटे ३४ सेकंदांत पूर्ण केली. स्त्रियांपैकी अमेरिकेच्या हॅरिएट टॉम्पसन यांनी २०१५ मध्ये सॅन डिएगो येथे ९२ व्या वर्षी ती पार पाडली.

याहून अधिक गाजलेले नाव फौजासिंग यांचे. जलंदरजवळील ब्यास पिंड या खेड्यात जन्मलेले हे शेतकरी उतारवयात इंग्लंडला गेले व २००० साली लंडनची मॅराथॉन धावले. टोरँटो येथे २०११ मध्ये त्यांनी ८ तास ११ मिनिटांत मॅराथॉन पुरी केली. पारपत्रावरील १ एप्रिल १९११ या जन्मतारखेनुसार त्यांचे वय तेव्हा शंभर होते. तथापि जन्मदाखला नसल्याने गिनेस विक्रमग्रंथाने हा विक्रम नोंदविला नाही. त्यांचे २०२५ मध्ये आपल्या गावाजवळच वाहनाच्या धडकेने निधन झाले.

हा प्रश्न एकट्या फौजासिंगांचा नाही. देशभर जन्मनोंदणी सक्तीची करणारा कायदा १९६९ चा. त्यापूर्वी जन्मलेल्या ग्रामीण माणसाचे वय पुष्कळदा शाळेच्या दाखल्यावरून ठरते आणि महाराष्ट्रात त्या दाखल्यावर गुरुजींनी सोयीने घातलेली १ जून ही तारीख ठायी ठायी दिसते. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या स्त्रीजवळ तेवढाही कागद नसतो. रायगडच्या किनाऱ्यावरील एखादी वृद्धा आपला जन्म ‘रामदास बोट बुडाली त्या पावसाळ्यातला’ असे सांगेल, तर तो १९४७ चा, हे निश्चित. पण वयोगट ठरविणाऱ्या पंचास तारीख हवी असते. वय हीच जेथे स्पर्धेची अट, तेथे सर्वांत वृद्ध स्पर्धकच पुराव्याअभावी मागे पडतो, ही विसंगती अद्याप सुटलेली नाही.

दीर्घ पल्ल्याच्या धावण्याची परंपरा मराठी मुलखास नवी नाही. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमधील मॅराथॉनमध्ये एकोणिसावे आले होते. पुणे आंतरराष्ट्रीय मॅराथॉन १९८३ पासून, तर मुंबई मॅराथॉन २००४ पासून सुरू झाली. मुंबईत ज्येष्ठ नागरिकांसाठी सु. ४ कि.मी.ची स्वतंत्र शर्यत ठेवली जाते. तिला दीर्घ पल्ल्याची म्हणणे काटेकोरपणे योग्य नव्हे, परंतु अनेकांचा धावण्याशी परिचय तेथेच होतो. बारामती येथील ज्येष्ठांच्या शर्यतीत साठी ओलांडलेल्या लता भगवान करे २०१३ मध्ये नऊवारी नेसून, अनवाणी धावल्या व पहिल्या आल्या. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातील आणि मजुरीसाठी बारामती भागात आलेल्या या बाईंना पतीच्या तपासणीसाठी पैसे हवे होते. त्यांच्यावरील चित्रपटात त्यांनी स्वतःच भूमिका केली. सराव, आहार व पादत्राणे यांविषयीचे सगळे शास्त्र त्यांच्या उदाहरणापुढे थोडे अवघडते.

कोकणपट्टीत खरा अडसर हवेचा. पनवेलसारख्या खाडीकाठच्या गावी दमटपणामुळे घाम वाळत नाही व शरीराची उष्णता बाहेर पडत नाही. वृद्धांत तहानेची जाणीवही मंदावलेली असते. त्यामुळे शरीरातील पाणी कमी झाल्याचे त्यांना उशिरा कळते. तहान लागण्याची वाट न पाहता ठराविक अंतराने थोडे थोडे पाणी घेणे, हृदयाची आगाऊ तपासणी करून घेणे व छातीत कळ किंवा भोवळ येताच थांबणे आवश्यक ठरते. या भागात धावण्यास हिवाळ्यातील पहाट सोईची. मुंबईची मॅराथॉनही जानेवारीत, उजाडण्यापूर्वी सुरू होते.