गटातला अभ्यास की गटातली कॉपी?

संध्याकाळची विरार लोकल, तिच्यातली ती रेटारेटी, येताना घेतलेली भाजी, हे सगळं पार पाडून तुम्ही घरी येता. पाहावं तर दहावीतली मुलगी मोबाइलवर डोकं घालून बसलेली. 'काय गं करतेस?' म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, 'अभ्यास करतेय आई, ग्रुपवर!' यावर बोलायचं काय? रागवावं तर अभ्यास बुडवल्याचं पाप, न रागवावं तर मनात पाल चुकचुकते. वर्गातल्या चाळीस मुलांच्या त्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खरोखर अभ्यास चालतो, की एकाने गणित सोडवायचं आणि बाकीच्यांनी ते उतरवून घ्यायचं?

आधी एक गोष्ट मान्य करू या. चार जणांनी मिळून अभ्यास करणं ही काही मोबाइलने आणलेली पद्धत नाही. आपणही मैत्रिणीच्या ओटीवर बसून इतिहासाच्या सनावळ्या एकमेकींना म्हणून दाखवल्या आहेत. बुडलेल्या तासाची वही मागून आणली आहे. तेव्हा कुणी आपल्याला लबाड म्हटलं नाही. मग तीच गोष्ट मोबाइलवर केली की वाईट कशी?

नेमका हाच प्रश्न 2008 साली कॅनडात टोरांटो शहरातल्या रायरसन विद्यापीठापुढे आला होता. पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने रसायनशास्त्राच्या गृहपाठासाठी फेसबुकवरचा एक गट सांभाळला होता. गटात 146 मुलं. प्राध्यापकांनी गृहपाठ प्रत्येकाने स्वतंत्रपणे करायला सांगितला होता आणि त्याला विषयाचे दहा टक्के गुण होते. विद्यापीठाने त्या मुलावर गैरवर्तनाचे 147 आरोप ठेवले आणि त्याला काढून टाकण्याची वेळ आली. मुलांचं म्हणणं साधं होतं : कॉलेजच्या तळघरातल्या खोलीत एकत्र बसलो तर अभ्यास, आणि फेसबुकवर बसलो तर फसवणूक, हा कुठला न्याय? शेवटी विद्यापीठाने त्याला काढलं नाही. पण त्या गृहपाठाला मात्र शून्य गुण दिले.

या निकालातून आपण घ्यायचं ते इतकंच, की गट कुठे जमला हा प्रश्नच नव्हे. 'स्वतः करा' असं सांगितलेलं आणि गुण असलेलं काम दुसऱ्याकडून आलं का, हा खरा प्रश्न. आपल्याकडेही दहावीच्या बहुतेक विषयांत 80 गुणांचा लेखी पेपर आणि 20 गुण शाळेकडचे असतात. म्हणजे गृहपाठ, प्रकल्प, प्रयोगवही यांना आपल्या घरीही मोल आहे, बरं का! सगळ्या वर्गाच्या प्रकल्पात एकच प्रस्तावना आणि तीच एक चूक सापडली, तर बाईंना कळायला कितीसा वेळ लागणार?

आणि हाच ग्रुप परीक्षेच्या दिवशी घसरला, की गोष्ट गृहपाठापुरती राहत नाही. मार्च 2017 मध्ये बारावीचे पेपर परीक्षेच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले. मार्च 2022 मध्ये मुंबईत रसायनशास्त्राच्या पेपरातला भाग मुलांच्या मोबाइलवर सापडला आणि एका खासगी क्लासच्या शिक्षकाला अटक झाली. परीक्षेतल्या गैरप्रकारांसाठी आपल्या राज्यात 1982 पासून स्वतंत्र कायदा आहे. पूर्वी पेपर वाचायला सुरुवातीला दहा मिनिटं आधी मिळायचा. 2023 च्या परीक्षेपासून मंडळाने ते बंद केलं आणि दहा मिनिटं शेवटी वाढवून दिली. थोड्यांनी केलेल्या उद्योगापायी प्रामाणिक मुलांचीसुद्धा पद्धत बदलली. परीक्षेच्या सकाळी 'पेपर आलाय' असा निरोप आला, तर तो पुढे पाठवणं तर दूरच, उघडायचादेखील नाही, हे मुलांना आधीच बजावून ठेवा.

म्हणून ग्रुप बंद करायचा का? मुळीच नाही. तापाने आठ दिवस घरी पडलेल्या मुलाला वर्गात काय झालं ते ग्रुपवरच कळतं. रात्री नऊला मुलीला नालासोपाऱ्याहून मैत्रिणीकडे वसईला पाठवायला आपलं मन धजत नाही, पण घरात बसून ती तिच्याकडून भूमितीची रीत समजून घेऊ शकते. ज्या घरात दोघंही पहाटेच्या लोकलने चर्चगेटला जातात आणि शिकवायला कुणी नसतं, त्या मुलाला तर मित्रच आधार. तो काढून घेतला तर पोर एकटं पडेल.

स्वयंपाकघरातलंच उदाहरण घ्या ना. शेजारच्या वहिनींनी पुरणपोळीचं प्रमाण सांगितलं, कणीक किती सैल हवी ते दाखवलं, तर ती मदत. त्यांच्याच घरच्या पोळ्या आपल्या डब्यात भरून 'मी केल्या' म्हणून सांगितलं, तर? शिवाय पाहुणे दारात उभे राहतील त्या दिवशी वहिनी गावाला गेलेल्या असल्या, की फजिती आपलीच. मार्चच्या परीक्षेला मुलाच्या बाकावर ग्रुप येऊन बसणार नाही.

तेव्हा पोलिसासारखा मोबाइल हिसकावण्यापेक्षा घरात चार साधे नियम लावावेत. एक, आधी वही, मग ग्रुप. निदान अर्धा तास स्वतः झटून झाल्यावर अडलेली पायरीच तेवढी विचारायची. दोन, विचारताना 'उत्तर पाठव' असं न लिहिता 'इथून पुढे कसं जायचं?' असं लिहायचं. तीन, समजून घेतलेलं गणित मोबाइल दूर ठेवून, आकडे बदलून पुन्हा सोडवायचं. चार, ज्या कामाला गुण आहेत त्याबद्दल 'एकत्र केलं तर चालेल का?' हे बाईंना आधीच विचारायचं. त्या हो म्हणाल्या तर कुठली चोरी आणि कसलं काय!

'मला कुठे कळतं त्यांचं गणित?' असं म्हणू नका. कळायची गरजच नाही. भाकरी थापता थापता मुलाला सांगा, 'ये, इथे बस, आज ग्रुपवर काय शिकलास ते मला सांग.' शिकलेला मुलगा अडखळत का होईना, स्वतःच्या शब्दांत सांगतो. उतरवून घेतलेला मुलगा मात्र 'तुला नाही कळणार' म्हणून उठून जातो. असा उठून गेला तरी त्याला चोर ठरवू नका. बहुधा तो भ्यालेला असतो, कमी गुणांना आणि तुमच्या रागाला. 'स्वतः केलेल्याचे साठ मिळाले तरी मला चालतील' हे एकदा त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या. आणि पुढे खरोखरच साठ आले, की दिलेला शब्द तेवढा पाळा!