मॅपवर एसटी दिसत नाही? जव्हार-मोखाड्याची हिवाळी ट्रिप अशी आखा

नाशिक, त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार आणि शेवटी पालघरहून लोकल. ही ट्रिप गाडी न घेता एसटीने करता येते. पण मॅपवर शोधलं की बऱ्याचदा फक्त गाडीचा रस्ता दिसतो. मग बसच नाही का? तसं नाही.

गुगल मॅप्स बसची वेळ स्वतः शोधत नाही. वाहतूक संस्था आपलं वेळापत्रक 'जीटीएफएस' या ठरलेल्या फॉरमॅटमध्ये देतात, ते ॲप वाचतं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरापासून हे सुरू झालं. रोमच्या बस आपल्याला घरबसल्या दिसतात त्या यामुळेच. ज्या फेरीचा डेटा नाही, ती ॲपला माहीतच नसते.

म्हणून प्लॅन शेवटाकडून करा:

१. जव्हार आगारात फोन करून पालघरची शेवटची एसटी विचारा. मग मागे मोजत या: जव्हारला किती तास, मोखाड्याला किती.

२. घरच्या वाय-फायवर ऑफलाइन मॅप डाउनलोड करा. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, त्यामुळे घाटातही आपण कुठे आहोत ते कळतं. बसच्या वेळा मात्र ऑफलाइन मिळत नाहीत.

३. प्रत्येक स्टँडवर उतरल्या उतरल्या बोर्डाचा फोटो काढा आणि चौकशी खिडकीवर वेळ पक्की करा.

४. दाभोसा धबधबा आडबाजूला आहे. परतीच्या जीपचं आधी ठरवा. डिसेंबरात सहा वाजताच सूर्य मावळतो.

आणि मैत्रिणींनो, मार्च २०२३ पासून एसटीत तुम्हाला अर्धं तिकीट आहे!