काढलेलं हाड आणि बसवलेली प्लेट

ऊसतोडीच्या हंगामात रात्रीच्या अंधारात रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीवर दुचाकी आदळते. चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट नसतं. वैरागच्या पंचक्रोशीतला असा जखमी आधी बार्शीला आणि मेंदूला मार असेल तर बहुधा पुढे सोलापूरला जातो. मेंदूची सूज वाढू लागली की कवटीत तिला जागा उरत नाही. मग न्यूरोसर्जन कवटीचं तळहाताएवढं किंवा त्याहून मोठं हाड काढून ठेवतात. त्यानं जीव वाचतो, पण सूज ओसरल्यावर त्या बाजूला खड्डा पडतो आणि कातडीखाली मेंदूचे ठोके दिसू लागतात.

तो खड्डा बुजवण्याचं ऑपरेशन साधारण तीन महिन्यांनी, काही वेळा त्याआधीही करतात. हे काही दिसण्यापुरतं नाही. तिथे मेंदूवर फक्त कातडी असते, साधं पडणंही जिवावर बेतू शकतं. शिवाय बाहेरच्या हवेचा दाब मेंदूवर पडून काहींना डोकेदुखी, चक्कर किंवा हातापायात कमजोरी येते. हाड बसवल्यावर यातल्या काही तक्रारी कमीही होतात.

पहिली पसंती पेशंटच्याच हाडाला. ते उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवता येतं. जिथे तशी सोय नाही तिथे पोटाच्या कातडीखाली, चरबीत कप्पा करून ठेवतात. डोक्याच्या पेशंटच्या पोटावर टाके पाहून घरचे घाबरतात, म्हणून हे आधीच माहीत असलेलं बरं. हे हाड मापात बसतं, वेगळी किंमत पडत नाही. पण परत बसवल्यावर ते हळूहळू विरघळून पातळ होऊ शकतं. लहान मुलांत हा धोका जास्त. आणि हाडाचा चुरा झाला असेल किंवा त्यात जंतुसंसर्ग झाला असेल तर ते वापरताच येत नाही.

मग येतं बोन सिमेंट. पूड आणि उग्र वासाचा द्रव कालवला की कणकेसारखा गोळा होतो. काही मिनिटांत तो घट्ट होतो आणि घट्ट होताना चांगलाच तापतो. त्या उष्णतेनं खालच्या मेंदूला इजा होऊ नये म्हणून सर्जन थंड सलाईन सोडत राहतात, किंवा तुकडा बाहेरच घडवून मग बसवतात. सिमेंट स्वस्त आहे, पण ते हाडाशी एकजीव होत नाही आणि जोराच्या माराने तडकू शकतं.

टायटॅनियमची जाळी मजबूत आणि हलकी. ती बसवल्यावर एमआरआय करता येतो, फक्त चित्रात धातूभोवती थोडी सावली येते. तिचा खरा धोका वरच्या कातडीला. कातडी पातळ असेल तर काही वर्षांनीही ती झिजून जाळी उघडी पडते. ‘पीक’ नावाचं प्लास्टिक सीटी स्कॅनवरून त्या पेशंटच्याच मापानं बनवतात. स्कॅनमध्ये ते अडथळा आणत नाही, पण महाग पडतं आणि हाडाशी एकजीव होत नाही. सच्छिद्र पॉलिइथिलीनही वापरतात. अपघातात जखमी झालेल्या एका चिमुरडीच्या कवटीचा सुमारे ६० टक्के भाग पुण्याच्या भारती हॉस्पिटलमध्ये २०१८ साली पॉलिइथिलीनच्या, तिच्या मापाच्या इम्प्लांटनं भरून काढला होता.

जंतुसंसर्गाची भीती मात्र यातल्या प्रत्येकाला आहे. बाहेरच्या वस्तूत रक्तपुरवठा नसतो. जंतू तिच्यावर चिकट थर करून बसले की औषध तिथवर नीट पोचत नाही. मग बहुतेक वेळा प्लेट काढावी लागते, काही महिने पुन्हा खड्डा घेऊन थांबावं लागतं आणि ऑपरेशन नव्यानं करावं लागतं. प्लेटखाली रक्त किंवा पाणी साचणं, फिट येणं, हे धोकेही आहेत. फिटची गोळी मनानं बंद करू नका.

महाग ते चांगलं, हा समज मला इथे घातक वाटतो. प्लेटसाठी जमीन गहाण टाकण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा: आमच्याच पेशंटला हे मटेरियल का? वरची कातडी कशी आहे? स्वतःचं हाड का चालणार नाही? महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. इम्प्लांटचा खर्च योजनेत बसतो का, हे ऑपरेशनच्या आधी त्यांच्याकडून पक्कं करून घ्या.

इम्प्लांटच्या पाकिटावर कंपनी आणि बॅच नंबरचं स्टिकर असतं. त्याची एक प्रत डिस्चार्ज कार्डावर लावून मागा आणि ते कार्ड जपून ठेवा. पुढे प्लेट काढायची किंवा एमआरआय करायची वेळ आली तर डॉक्टर आधी तेच विचारतील. टाक्यांतून पाणी किंवा पू येऊ लागला, जागा लाल होऊन सुजली, ताप आला किंवा प्लेटवरची कातडी पातळ दिसू लागली, तर गावात मलम लावत दिवस काढू नका. ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जनकडे त्याच दिवशी जा, मग ऑपरेशनला वर्षं का उलटली असेनात.