पॉपिन्स : वर्तुळावर बेतलेली देवनागरी

‘खुलताबाद’ हे नाव पॉपिन्स या टंकात, म्हणजे एकाच वळणाने आखलेल्या अक्षरांच्या संचात, उमटवले, तर बोरूच्या अक्षराशी असलेले त्याचे अंतर चटकन डोळ्यांत भरते. शिरोरेषा, काना आणि उकार जवळजवळ एकाच जाडीचे दिसतात, आणि ब, ल, द यांची पोटे वर्तुळाकडे झुकतात. इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या या मुक्त टंकातील देवनागरी निनाद काळे यांनी, तर रोमन अक्षरे जॉनी पिनहॉर्न यांनी आखली. रोमन लिपीत, टोकांना आडवी पावले नसलेल्या भौमितिक अक्षरांची परंपरा पॉल रेनर यांच्या १९२७ च्या फ्युचुरा या टंकापासून रुळलेली होती. देवनागरीत मात्र या घराण्यातला, बारीकपासून ठळकपर्यंत अनेक जाड्यांचा टंक पॉपिन्सच्या रूपाने प्रथमच आला.

तिरका कापलेला बोरू दिशा बदलताच रेघ आपोआप जाड किंवा बारीक करतो, आणि त्या चढउतारामुळे गजबजलेल्या जोडाक्षरातही घटक वेगळे ओळखू येतात. एकसारख्या जाडीच्या रेघेत हा आधार सुटतो; पोट जिथे दंडाला मिळते तिथे काळेपणा साचतो, म्हणून अशा सांध्यांवर रेघ किंचित बारीक करावी लागते, आणि मापाने समान असलेली आडवी रेघ उभीपेक्षा जाड भासत असल्याने तिलाही थोडे छाटावे लागते. भूमिती अचूक दिसावी म्हणून ती मोडण्यातच या कामाचे खरे कसब आहे. जोडाक्षरांसह प्रत्येक जाडीच्या संचात १०१४ आकृत्या आहेत, आणि देवनागरी अक्षरांची उंची रोमन अक्षरांच्या वर जाणाऱ्या दांड्यांइतकी ठेवल्यामुळे मोबाइलच्या पडद्यावर इंग्रजीशेजारी मराठी खुजी दिसत नाही. ठळक मथळ्यांना आणि बटनांवरील शब्दांना हे वळण शोभते. दीर्घ वाचनाच्या पानावर मात्र त्याचा एकसुरीपणा जाणवतो.

हे वळण परके मानण्याचे कारण नाही. अशोककालीन ब्राह्मीची रेघ बहुतांशी एकसारख्याच जाडीची होती आणि तिचा ‘ठ’ म्हणजे निव्वळ वर्तुळ होते; खुलताबादच्याच जिल्ह्यातील पितळखोऱ्याच्या लेण्यांत पैठणच्या दात्यांनी ब्राह्मीतच आपली दाने कोरून ठेवली.

मराठी वाचकाची अडचण भूमितीची नसून ‘ल’ची आहे. २००९ च्या शासननिर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ मान्य केले. तथापि प्रत्येक अक्षराच्या मराठी आणि हिंदी अशा दोन्ही रूपांना युनिकोडमध्ये संकेतांक एकच असल्याने, मजकूर मराठी आहे हे संगणकाला वेगळे कळवल्यावरच टंक, त्यात ती सोय असेल तर, मराठी रूप पुढे करतो. एवढी नोंद राहून गेली, की खुलताबादचा ‘ल’ पडद्यावर हिंदी वळणाने उमटतो.